गाडी हळू चालवायला शिकताना तापते का? आपापले अनुभव टाका

मंडळी, चौतिसाव्या वर्षी मोपेड सोडून गिअरची गाडी घेतलीये, सेकंडहँड पल्सर १५०. सरळ रस्त्यावर जमतं मस्त, पण यू टर्न आणि आठचा आकडा म्हटलं की पोटात गोळा. परवा रविवारी सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर सकाळी दहाला सुरू केलं ते पाऊण तास आठ काढतच बसले, आधी पोटऱ्यांना धग लागायला लागली, मग जळक्या रबरासारखा वास, मग गाडी नुसती ओरडायची, पुढे जायचीच नाही. गॅरेजवाले काका वास घेऊनच म्हणाले, "ताई, क्लच प्लेटा भाजल्यात." तुम्ही सगळे कसे शिकलात? गाडी न भाजता?

---

ताई, वारज्यात मीपण हेच करून बसलोय, १२०० रुपयांना पडलं तेव्हा. भानगड हाफ क्लचची आहे. अर्धा क्लच धरला की इंजिनची ताकद चाकाकडे नेणाऱ्या प्लेटा एकमेकींवर घासत राहतात, त्या इंजिन ऑइलमध्येच बुडालेल्या असतात म्हणजे ती सगळी गरमी ऑइलमध्ये जाते, आणि आपली इंजिनं पडली एअर कूल्ड, बाहेरच्या त्या फिन्सना (पात्यांना) वारा लागला तर थंड होणार, दहाच्या स्पीडला कुठला आलाय वारा. मी काय केलं, आधी क्लच पूर्ण सोडून नुसत्या आयडलवर फर्स्टमध्ये मोठे गोल मारले, म्हणजे ॲक्सिलरेटरला हातच नाही लावायचा, गाडी चालते आपोआप चालत्या माणसाएवढी. ते अंगवळणी पडल्यावर गोल लहान करत आणला आणि हाफ क्लच फक्त वळणाच्या त्या दोन सेकंदांपुरता. दर दहा मिनिटांनी बाहेर हायवेच्या सर्व्हिस रोडला जाऊन ४० च्या स्पीडने तीनेक किमी एक चक्कर, परत प्लॉटवर. आणि फोनवर बोलत उभं राहायचं असेल तर इंजिन बंद, आयडलवर तापवत ठेवू नये.

---

आमचं रॉयल एनफिल्डचं क्लासिक ३५०, वजन १९५ किलो, त्यामुळे तापण्याआधी पडण्याची चिंता. सिंहगड रोडला एका गल्लीत यू टर्न घेताना हँडल पूर्ण वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला, बाईक एकदम बसल्यासारखी कलंडली आणि मी शेजारी, भाजीवाल्या मावशी म्हणाल्या "उचलू का रे?". तेव्हापासून हळू वळताना पुढच्या ब्रेकला बोटसुद्धा लावत नाही, मागचा हलकासा दाबून ठेवायचा, गाडी ताठ राहते. आणि बघायचं कुठे तर जिथे जायचंय तिथे, मान पूर्ण वळवून. खुणेला ठेवलेल्या विटेकडे बघितलं की चाक विटेवरच जातं, हे मी सहा विटांवर सिद्ध केलंय.

---

ड्यूक ३९० वाले इथे कुणी आहेत का? पहिल्यांदा प्रॅक्टिस करताना मधेच घर्र्र असा आवाज सुरू झाला, मला वाटलं काहीतरी तुटलं, गाडी सोडून लांब जाऊन उभा राहिलो 😂 आमची लिक्विड कूल्ड, तिच्या रेडिएटरचा (इंजिनचं पाणी थंड करणाऱ्या जाळीचा) फॅन निघाला तो. फॅन लागणं म्हणजे बिघाड नाही, त्याचं कामच ते. पण टेंपरेचरचा लाल दिवा लागला तर मात्र थांबायचं, आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं. पावसाळ्यात रेडिएटरच्या जाळीत चिखल बसतो तोही बघा.

---

माझी गाडी नाही, मीच तापले. मे महिना, फुल हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्ह्ज, आणि शेजारी शिकवायला दादा, "सोड सोड, दाब दाब" करत. अर्ध्या तासात डोकं गरगरायला लागलं, हात घामाने क्लचवरून निसटतोय. आता सकाळी सहाला जाते, साडेसातला घरी. दादाला सांगितलंय झोप तू.

---

एक राहिलं, क्लच लिव्हर बघा. बुंध्याशी रुपयाचं नाणं सरकेल एवढा प्ले, म्हणजे ढिलेपणा, हवाच. केबल ताणलेली असेल तर हात सोडला तरी प्लेटा थोड्या घासतच राहतात, मग कितीही जपून चालवा.

---

धागाकर्ती: काल तेच निघालं!! प्लेच नव्हता, काकांनी नव्या प्लेटा टाकून केबल सैल करून दिली. आज सकाळी सव्वासहाला गेले, आयडलवर गोल, मग वारजेकरांच्या पद्धतीने दहा मिनिटं आणि चक्कर, असे तीन राउंड. वास नाही, धग नाही. प्लॉटच्या मधोमध एक कुत्रं झोपलेलं होतं ते काही केल्या उठेना, शेवटी त्यालाच मधे धरून आठ काढला, चौथ्या वेळी पाय न टेकवता. त्याने डोळा पण उघडला नाही.