अम्लोडिपिन, इन्शुलिन आणि सुजलेले घोटे
"कॅल्शियम पेशीत शिरू दिलं नाही की इन्शुलिनही कमी होतं" असं अम्लोडिपिन या बीपीच्या, पेशीत कॅल्शियम शिरू न देणाऱ्या गोळीबद्दल कुणी कुणी म्हणतं, ते अर्धंच खरं. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी कॅल्शियम आत आल्यावरच इन्शुलिन सोडतात, इथवर ठीक. पण बीपीसाठी देतात त्या ५-१० मिलिग्रॅम अम्लोडिपिनचा भर रक्तवाहिन्यांवर असतो. साखर-इन्शुलिनवर तिचा म्हणण्यासारखा परिणाम नाही. इन्शुलिन वाढलेलं असेल तर वजन उतरवणं आणि चालणं आलंच (नाशिकच्या गोदापार्कला चक्कर मारून थेट मिसळ आणि जादा पावावर तुटून पडणारे आमच्यासारखे यात धरू नका).

या गोळीने पायांना येणाऱ्या सुजेबद्दल मात्र कुणी बोलत नाही. पंचवटीतल्या आमच्या मावशीच्या घोट्यांवर संध्याकाळी चपलेच्या पट्ट्याचे वळ उठायचे. शेजारणीने लघवीची गोळी घ्यायला सांगितली. पण ही सूज अंगात पाणी वाढल्याने येत नाही. बारीक धमन्या सैलावतात, शिरा तेवढ्या सैलावत नाहीत, म्हणून केशवाहिन्यांत दाब वाढून पाणी बाहेर झिरपतं. लघवीच्या गोळीने ती फारशी हटत नाही. डॉक्टरांनी अम्लोडिपिन निम्मं करून जोडीला टेल्मिसार्टन ही बीपीचीच दुसरी गोळी दिली, तेव्हा सूज उतरली. टेल्मिसार्टन चालू असताना रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम मात्र अधूनमधून तपासावं लागतं.