एक्झिक्युटरचे मानधन आणि विश्वस्ताचे मानधन

एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा, घरचाच असेल तर त्याने योग्य वाटेल तेवढे मानधन इस्टेटीतून घ्यावे, हिशेबाचा बाऊ करू नये, असे मत अनेकदा मांडले जाते; ते मला मान्य नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ३०९ ने त्याच्या कमिशनला कमाल मर्यादा घातली आहे. ॲडमिनिस्ट्रेटर जनरल, म्हणजे मृतांच्या इस्टेटी सांभाळणारा सरकारी अधिकारी, याच्यासाठी ठरलेल्या दरापेक्षा जास्त दराने ते घेता येत नाही. शिवाय प्रोबेट (मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयाचे प्रमाणपत्र) मिळाल्यावर कलम ३१७ प्रमाणे सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशेब न्यायालयात सादर करावा लागतो. न्यायालयाने वेगळी मुदत दिली तर गोष्ट निराळी.

आणखी एक मुद्दा असा की, मृत्युपत्राने अपंग मुलीसाठी खासगी न्यास (ट्रस्ट) निर्माण केला असेल आणि एकाच व्यक्तीला एक्झिक्युटर व विश्वस्त (ट्रस्टी) अशी दोन्ही कामे दिली असतील, तर देणी फेडून निधी न्यासाकडे सोपवल्यानंतर ती व्यक्ती विश्वस्त ठरते आणि १८८२ चा न्यास अधिनियम लागू होतो. त्याच्या कलम ५० नुसार दस्तात तशी तरतूद नसेल, किंवा पद स्वीकारताना लाभार्थ्याशी (ज्याच्यासाठी न्यास आहे त्याच्याशी) वा न्यायालयाशी तसा करार झालेला नसेल, तर श्रमाचा मोबदला मागता येत नाही. केलेला वाजवी खर्च मात्र मिळतो. आमच्या नात्यात अशी जबाबदारी सांभाळणाऱ्या काकांनी मुद्रांक, झेरॉक्स, सोसायटीची थकबाकी अशा प्रत्येक खर्चाची पावती एका वहीत चिकटवून ठेवली होती, आणि पुढे भावंडांच्या शंका त्या वहीनेच मिटल्या. म्हणून मृत्युपत्र करणाऱ्यांनी दोन्ही भूमिकांचे मानधन स्वतंत्र वाक्यांत लिहावे, असा माझा आग्रह आहे.