लेपाक्षी: नाशिकहून कसं जायचं आणि किती वेळ ठेवायचा?

गंगापूररोडकर
डिसेंबरात आई-वडिलांना घेऊन आंध्रातल्या लेपाक्षीला, वीरभद्राचं मंदिर बघायला जायचा विचार आहे. दोघंही सत्तरीचे, आईचे गुडघे कुरकुरतात. प्रश्न तीन. नाशिकहून सोयीचा मार्ग कोणता? मंदिराला अर्धा दिवस पुरतो का? आणि तो अधांतरी खांब खरंच अधांतरी आहे, की नुसती हवा? व्हिडिओंमध्ये सगळे खांबाखालून ओढणी काढतात, बाकी मंदिरात काय आहे हे कुणी सांगतच नाही.

मनमाडजंक्शन
मार्गाचं सांगतो. बेंगळुरूला उतरून उलटं वर यायची गरज नाही. दिल्लीहून बेंगळुरूला जाणारी कर्नाटक एक्स्प्रेस मनमाड, दौंड, सोलापूर, गुंतकलवरून जाते आणि हिंदूपूरला थांबते. मनमाडला बसलात की एकच गाडी. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत हिंदूपूर. तिथून लेपाक्षी साधारण १५ किलोमीटर, आंध्र एसटीच्या बसही आहेत आणि रिक्षाही. रिक्षा केलीत तर थांबण्यासकट येण्याजाण्याचे पैसे आधी ठरवा. परतीची गाडी बेंगळुरूहून संध्याकाळी सुटून रात्री हिंदूपूरला येते, म्हणजे दुसरा अख्खा दिवस हाताशी राहतो. वयस्कर माणसं आहेत तर खालचे बर्थ मिळतील अशा बेतानं तिकीट लवकर काढा. गाडीच्या वेळा बदलत असतात, त्या त्याच वेळी बघून घ्या.

विमानानं जायचं तर बेंगळुरूचा विमानतळ शहराच्या उत्तरेला देवनहळ्ळीकडे आहे आणि लेपाक्षीही उत्तरेलाच, त्यामुळे शहराच्या ट्रॅफिकमध्ये शिरावंच लागत नाही. हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्ग ४४ वर कोडिकोंडा चेकपोस्टपाशी डावीकडे वळायचं, मग साधारण १६ किलोमीटर आत.

नकाशात शोधताना एक घोळ होतो. आंध्र सरकारच्या हस्तकलेच्या दुकानांचं नावही लेपाक्षीच आहे, त्यामुळे नुसतं ‘लेपाक्षी’ टाकलं की भलत्याच शहरातलं दुकान समोर येतं. ‘वीरभद्र मंदिर’ जोडा. जुन्या माहितीत जिल्हा अनंतपूर लिहिलेला असतो. २०२२ पासून तो श्री सत्यसाई जिल्हा झाला. गाव तेच.

दगडफूल
खांबाचं आधी उरकून टाकू, म्हणजे मुद्द्याचं बोलता येईल. सत्तरेक खांबांपैकी तो एक, नाट्यमंडपात. त्याचा तळ फरशीला पूर्ण टेकत नाही, पातळ फट आहे, कापड जातं. नुसती हवा नाही, खरंच आहे. पण त्यात चमत्कार शोधू नका. मंडपाच्या छताचा भार इतक्या खांबांवर आणि आडव्या तुळयांवर वाटलेला आहे की एक खांब खाली टेकला नाही म्हणून छत पडत नाही. तो वर तुळईला धरून राहतो. इंग्रज इंजिनियरनं हलवून पाहिला वगैरे गोष्ट गाइड रंगवून सांगतो, ती गोष्ट म्हणून ऐका. ओढणी ओढायची गरज नाही, कडा झिजतात. मोबाइलचा टॉर्च पलीकडच्या बाजूला फरशीलगत धरा, फटीतून उजेडाची रेघ दिसते. दोन मिनिटांत काम झालं.

आता वर बघा. लेपाक्षीला जायचं ते छतासाठी.

हे मंदिर १५३० च्या सुमाराचं, विजयनगरच्या अच्युतदेवरायाच्या काळातलं. विरूपण्णा आणि वीरण्णा या भावांनी ते बांधवलं. विजयनगर काळातली इतकी चित्रं एका जागी फार कमी ठिकाणी उरली आहेत. नाट्यमंडपाच्या छतावर लांब पट्टे आहेत, एकेका पट्ट्यात एकेक कथा. शिवपार्वतीचं लग्न, अर्जुनाचा मत्स्यवेध, किरातार्जुन (शिकारी झालेला शिव आणि अर्जुन यांची लढाई), वडाच्या पानावरचा बाळकृष्ण. तेच पात्र एका पट्ट्यात पुन्हा पुन्हा येतं, म्हणून प्रत्येक आकृती वेगळी समजलात की गोंधळ उडतो. एका टोकाला उभं राहून सरकत सरकत वाचा. मत्स्यवेधापासून सुरुवात करा, तो चटकन ओळखू येतो. अर्जुन खाली वाकून पाण्यातलं प्रतिबिंब बघतोय आणि बाण वर. पुरुषांच्या उंच निमुळत्या टोप्या आणि बायकांच्या लुगड्यांचे काठ नीट बघा, त्या काळचा पेहराव त्यातून कळतो.

आतल्या अर्धमंडपात, म्हणजे गाभाऱ्यासमोरच्या दालनात, छतभर एकट्या वीरभद्राचं प्रचंड चित्र आहे, लांबी साधारण २४ फूट. पायाशी हात जोडलेली देणगीदार भावांची चित्रंही आहेत.

रंग गेरू, पिवळी माती, काळा, पांढरा, हिरवा असे, चुन्याच्या गिलाव्यावर काढलेले. छतातून पाणी झिरपलं की गिलावा सुटतो आणि त्याच्याबरोबर रंगही जातो, म्हणून मध्येमध्ये कोरे धब्बे दिसतात. फ्लॅश मारू नका.

सिन्नरकर
दगडफूल, सगळं खरं, पण वर बघायचं कसं तेही सांगा की. पाच मिनिटांत मान धरते.

@गंगापूररोडकर, मोबाइल आडवा, स्क्रीन वर करून पोटाशी धरा आणि सेल्फीचा कॅमेरा चालू करा. छत खाली मान घालून दिसतं, बोटांनी मोठंही करता येतं. आईंसाठी हे फार सोयीचं. दुर्बीण न्यायची तर जवळचं स्पष्ट दाखवणारी छोटी, ८ पटीची न्या. मोठ्या दुर्बिणी चार-पाच मीटरवरचं धूसर दाखवतात आणि छत तेवढ्याच अंतरावर आहे. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर तीन-चार मिनिटं नुसतं थांबा, डोळे अंधाराला सरावले की रंग उमटायला लागतात. अंगणातल्या फरशीवरून परावर्तित झालेला उजेडच आत येतो, म्हणून सकाळी ९ ते ११ उत्तम.

आपल्याकडच्या सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराची सवय असेल तर इथे फसायला होतं. गोंदेश्वर बाहेरून फिरून बघायचा. इथे बाहेरच्या भिंती साध्या, ऐवज आत. दगडही वेगळा, इथे ग्रॅनाइट. नाट्यमंडपाच्या मधल्या खांबांवर नाचणारी रंभा, मृदंग वाजवणारा ब्रह्मा, वीणा घेतलेला गंधर्व तुंबरू आणि शिवाचा तीन पायांचा भक्त भृंगी आहे. भृंगी शोधायला आईंना सांगा, मजा येते.

गुडघ्यांचं: मंदिर कूर्मशैल नावाच्या ठेंगण्या खडकावर आहे, मोठा चढ नाही. त्रास उंबऱ्यांचा आणि वरखाली फरशीचा. चपला बाहेर, आणि ऊन चढलं की ग्रॅनाइट तव्यासारखा तापतो. जाड सुती मोजे ठेवा. डिसेंबर ठीक, मार्चनंतर दुपारी नकोच. गर्भगृह दुपारी बंद असतं, दर्शन सकाळीच उरका.

रानवाटा_नाशिक
अर्धा तास पुरेसा म्हणणारे बरेच भेटतील, कारण खांब आणि नंदी झाला की ते निघतात. चार तास ठेवा. मागच्या अंगाला सात फण्यांचा नाग आणि त्याच्या छायेत शिवलिंग आहे, मग अर्धवट राहिलेला कल्याणमंडप, म्हणजे देवाच्या लग्नाचा मंडप. त्याच्याजवळ भिंतीवर दोन लालसर डाग दाखवतात. खजिना राजाला न विचारता मंदिरावर खर्च केला म्हणून विरूपण्णाला डोळे काढायची शिक्षा होणार होती, त्यानं आपणच काढून भिंतीवर फेकले, अशी कथा. लतामंडप मात्र चुकवू नका, खांबाखांबावर वेगळी वेलबुट्टी. विणकाम-भरतकाम करणाऱ्यांनी वही न्यावी.

नंदी मंदिराबाहेर, गावात येणाऱ्या रस्त्याला. एकाच दगडाचा, लांबी सव्वाआठ मीटर, उंची साडेचार. गाडी पार जवळ जाते, तो शेवटी ठेवा.

नावाचं म्हणाल तर तेलुगूत ‘ले पक्षी’ म्हणजे ‘ऊठ, पक्ष्या’. राम जटायूला म्हणाला, ही तिथली कथा. आपल्याकडे इगतपुरी तालुक्यातल्या सर्वतीर्थ टाकेदलाही जटायू तिथेच पडला असं सांगतात. वडील नाशिकचे, तिकडे वाद घालतील. घालू द्या.

गंगापूररोडकर
म्हणजे दुपारी पोचून मुक्काम, सकाळी ८ ला मंदिर, दुपारी आराम, रात्रीची गाडी. मुक्काम हिंदूपूरला की लेपाक्षीतच?

मनमाडजंक्शन
हिंदूपूरला. पर्याय जास्त आणि रात्रीचं स्टेशन जवळ. जेवणाचं एकच, आंध्राकडचं लोणचं आणि पोडी (कोरडी चटणी) आई-वडिलांच्या पानात बेतानं वाढा. तिखट आपल्या काळ्या मसाल्याच्या वरताण असतं, ताक मागून घ्या.