सिंगापूर क्रूझ आणि बाबांची व्हीलचेअर: इथून न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी?

अबोली_ठाणे
नमस्कार मंडळी. जानेवारीत आई, बाबा, नवरा आणि मी सिंगापूर-पेनांग-फुकेत-सिंगापूर अशी चार रात्रींची क्रूझ करतोय. बुकिंग झालंय, बाल्कनीवाली केबिन आहे.
बाबा ७६ वर्षांचे. मणक्यात नस दबली आहे, त्यामुळे वॉकर घेऊन चाळीसेक पावलं चालतात, मग बसावं लागतं. आधार दिला तर तीन-चार पायऱ्या चढतात. हात मात्र भक्कम आहेत, आयुष्यभर रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांना कुणी मागून ढकललेलं अजिबात आवडत नाही, चाकं स्वतः फिरवायची असतात. घरी जुनी लोखंडी व्हीलचेअर आहे, पण ती प्रवासाच्या कामाची नाही.
नवी इथून घेऊन न्यावी की तिथे भाड्याने मिळते? केबिनच्या दारातून आत जाते का? बाथरूमचं काय? बजेट १२,००० रुपये, त्यावर शक्य नाही.

सुहास_कोथरूड
डोळे मिटून इलेक्ट्रिक घ्या. मी आईसाठी ८२,००० ची घेतली, फोल्ड होते, जॉयस्टिक आहे. आई ८१ व्या वर्षी सोसायटीत एकटी चक्कर मारून येते, अख्खी सोसायटी बघायला येते. बारा हजारात जे मिळतं ते सहा महिन्यांत खुळखुळा होतं. एकदाच खर्च करा आणि निवांत राहा.

मीनलमावशी
अगं अबोली, विकत कशाला घेतेस? आपल्याकडे कितीतरी गणेश मंडळं आणि ट्रस्ट रुग्णोपयोगी साहित्य केंद्र चालवतात. अनामत भरायची, व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची जे हवं ते न्यायचं, परत केलं की पैसे परत. यांच्या ऑपरेशननंतर आम्ही सगळं तिथूनच आणलं होतं. फक्त परदेशी न्यायला चालेल का ते आधी विचार. आणि घेताना दोन्ही ब्रेक स्वतः लावून बघ. आम्हाला मिळालेल्या खुर्चीचा डावा ब्रेक धरतच नव्हता, उतारावर यांच्या पोटात गोळा आला होता.

दर्यावर्दी
क्रूझ जहाजावर हाऊसकीपिंगमध्ये होतो, म्हणून लिहितो.
व्हीलचेअरच्या आधी केबिन बघा. साध्या केबिनचं दार साधारण २३ इंचांचं असतं. दिव्यांगांसाठीच्या केबिनचं ३२ इंचांच्या आसपास. शिवाय साध्या बाथरूमला उंबरा असतो आणि आत खुर्ची वळत नाही. दिव्यांग केबिनमध्ये उंबरा नसतो, शॉवरमध्ये बसायला फळी आणि भिंतीला आडवे दांडे असतात. अशा केबिन मोजक्याच असतात आणि लवकर जातात. आजच फोन करा, बदलून मिळते का विचारा. त्यांचा विशेष गरजांचा फॉर्म असतो, तोही भरा.
खुर्ची बाहेर कॉरिडॉरमध्ये ठेवू, असं मनात असेल तर ते काढून टाका. आगीच्या नियमामुळे ठेवू देत नाहीत. जहाजावर व्हीलचेअर असतात, पण त्या चढ-उतारासाठी आणि आजारी पडलेल्यांसाठी. चार दिवस तुमच्याकडे राहणार नाही.
आणखी एक. फुकेतला मोठी जहाजं बहुतेक वेळा पातोंगसमोर नांगर टाकतात आणि छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेतात. समुद्र हलत असेल तर खुर्चीवरच्या प्रवाशाला बोटीत घेतीलच असं नाही, तो निर्णय तिथल्या तिथे होतो. इलेक्ट्रिक खुर्ची तर जवळपास नाहीच.

नाना_डोंबिवली
एवढ्या लांब कशाला? आधी मुंबई-गोवा क्रूझ करा, घराजवळ सवय होईल. आम्ही केली. मुरगाव बंदरात जहाज थेट धक्क्याला लागतं. पण हिला गुडघ्यांचा त्रास, आणि मुंबईत धक्क्यावर चढताना खुर्ची मागितली तर तासभर कुणी फिरकलं नाही, शेवटी एका हमालाने आणून दिली. लक्षद्वीपची क्रूझ मात्र बाबांना घेऊन करू नका, तिथे जहाज लांब उभं राहतं आणि स्थानिक बोटीत उडी मारल्यासारखं उतरावं लागतं.

अबोली_ठाणे
नाना, सिंगापूरचं बुकिंग झालंय हो, वर लिहिलंय. दर्यावर्दी, दाराची रुंदी मला कुणीच सांगितली नव्हती. उद्याच फोन करते.

रेवा_सिंगापूर
मी इथेच राहते. व्हीलचेअर दिवसावर भाड्याने सहज मिळते, हॉटेलवर आणून देणारेही आहेत. इथे फिरणं सोपं आहे. एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट आहे, बसमध्ये रॅम्प आहे. मरिना बे क्रूझ सेंटरला मरिना साऊथ पियर स्टेशन जवळ पडतं. माझे सासरे आले होते तेव्हा आम्ही भाड्यानेच घेतली, विमानात ओझं नाही.
पेनांगला जहाज स्वेटनहॅम पियरला लागतं, बाहेर पडलं की जॉर्जटाऊन, म्हणजे तिथलं जुनं शहर. पण जुन्या दुकानांपुढचे व्हरांडे उंच-सखल आहेत, मध्येच पायरी येते. रस्त्याच्या कडेने खुर्ची न्यावी लागते, म्हणून सकाळी लवकर जा. आणि सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एन्ट्री आहे ना ते बघून घ्या, जहाजाने बाहेर जाऊन परत आत यायचं आहे.

सुहास_कोथरूड
भाड्याच्या खुर्चीत आधी कोण बसलं होतं कुणास ठाऊक. माझी फोल्ड होऊन गाडीच्या डिकीत जाते. बोटीतही जाईल, कुणी अडवणार नाही.

रनवे_२७
सुहास, विमानात तरी चढू देतील का ते आधी बघा. ग्राउंड हँडलिंगमध्ये काम करतो. काढता येणारी लिथियम बॅटरी ३०० वॉट-अवरपर्यंतच चालते, किंवा दोन असतील तर प्रत्येकी १६० पर्यंत. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करा, म्हणजे वॉट-अवर निघतात. २४ व्होल्ट, १० अँपिअर-अवर म्हणजे २४०, चालेल. २४ आणि २० म्हणजे ४८०, नाही चालणार. बॅटरी काढून विमानाच्या केबिनमध्ये जवळ ठेवायची आणि एअरलाइनची आधी परवानगी घ्यायची. बॅटरीवर आकडा छापलेला नसेल तर काउंटरवर वाद होतोच.
अबोली, साधी खुर्ची कुठलीही न्या, सामानाच्या वजनात धरत नाहीत. विमानाच्या दारापर्यंत बाबांना स्वतःच्याच खुर्चीवर नेऊ द्या म्हणावं, तिथे टॅग लावून खाली जाते. पायाच्या पट्ट्या आणि गादी काढून हातात ठेवा, नाहीतर त्याच हरवतात. मदत ४८ तास आधी नोंदवा आणि प्रकार नीट सांगा. डब्ल्यूसीएचआर म्हणजे पायऱ्या चढता येतात, डब्ल्यूसीएचएस म्हणजे येत नाहीत. बाबा आधाराने तीन-चारच पायऱ्या चढतात, म्हणून दुसरा सांगा, म्हणजे शिडीऐवजी लिफ्टची गाडी येईल.

नाना_डोंबिवली
विमानतळावर हल्ली धडधाकट माणसंही रांग टाळायला व्हीलचेअर मागतात. मग ज्याला खरंच लागते तो ताटकळतो.

मीनलमावशी
नाना, वरून धडधाकट दिसणाऱ्या माणसाचं हृदय किती चालतंय ते तुम्हाला कसं दिसणार? माझ्या जावेला दहा पावलांत धाप लागते आणि लोक तिच्याकडे असेच बघतात.

नाना_डोंबिवली
मी सरसकट म्हटलं नाही. दुबईच्या फ्लाइटला जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहिलं.

फिजिओ_सांगली
विषयाकडे येऊ या. ॲल्युमिनियमची ट्रान्झिट खुर्ची घ्या, म्हणजे छोट्या चाकांची, मागून ढकलायची. दहा-अकरा किलो, रुंदी २१-२२ इंच, साध्या दारातूनही जाते. मोठी चाकं आणि हाताने फिरवायची कडी आली की रुंदी वाढते. दहा-बारा हजारांत चांगली मिळते.
बाथरूमसाठी रबरी चोषकावर चिकटणारे हँडल विकतात. त्यावर पूर्ण वजन टाकू नका, निसटतात. केबिनमध्ये शॉवर स्टूल आणि कमोडवरचं उंच सीट मागून ठेवा. बऱ्याच जहाजांवर मिळतं, पण आधी लेखी सांगावं लागतं. वॉकरच्या पायांची रबरी बुचं झिजली असतील तर आताच बदला, ओल्या डेकवर तीच घसरतात. आणि मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारूनच द्या. त्या गोळ्यांनी झापड येते आणि या वयातली बरीच पडझड रात्री बाथरूमला उठतानाच होते.

सुहास_कोथरूड
माझ्या बॅटरीवर २४ व्होल्ट, १२ अँपिअर-अवर लिहिलंय. म्हणजे २८८. चालते!

रेवा_सिंगापूर
ट्रान्झिट खुर्चीच बरी, आणि तीही इथेच भाड्याने घ्या. इथून न्या-आणायला सोपी.

दर्यावर्दी
+१. आणि फुकेतला बाबांना जहाजावरच थांबवा. त्या दिवशी निम्मं जहाज रिकामं असतं, जेवणाला रांग नसते.

अबोली_ठाणे
सगळ्यांचे मनापासून आभार. फोन केला. दिव्यांग केबिन एकच शिल्लक होती, आतली, खिडकी नसलेली. आईला बाल्कनी हवी होती, पण दार ३२ इंचांचं आणि बाथरूमला उंबरा नाही म्हटल्यावर तीच म्हणाली, बाल्कनी राहू दे. केबिन बदलून घेतली. शॉवर स्टूल आणि उंच सीट ईमेलवर मागून ठेवलं आहे.
पण ट्रान्झिट खुर्ची घेत नाही, भाड्यानेही नाही. बाबांना दोन्हींचे फोटो दाखवले. छोट्या चाकांची बघून म्हणाले, "यात बसलो की मी सामान झालो." त्यांना मोठ्या चाकांचीच हवी आणि ती आधी घरी महिनाभर चालवून बघायची आहे. भाड्याच्या खुर्चीत ते होणार नाही. दाराचा प्रश्न सुटलाय, तर १६ इंची सीटची, ॲल्युमिनियमची, हात टेकवायचे दांडे बाजूला निघणारी बघतोय. म्हणजे पलंगावर सरकताही येईल. बारा हजाराच्या थोडी वर गेली तर नवरा भर घालतोय.
फुकेतला उतरायचं की नाही ते बाबा त्या दिवशी समुद्र बघून ठरवणार आहेत. अडवलं तर मी त्यांच्याबरोबर जहाजावर थांबेन.
अशी खुर्ची प्रत्यक्ष कुठे बघायला मिळेल?

फिजिओ_सांगली
मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला सर्जिकल सामानाची दुकानं ओळीने आहेत. बाबांना घेऊनच जा. बसल्यावर मांडीच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा राहिली पाहिजे, आणि खांदे सैल सोडून हात खाली टाकला की बोटं चाकाच्या मध्यापर्यंत पोचली पाहिजेत. दुकानदाराला घाई असली तरी दहा मिनिटं चालवू द्या त्यांना.

सुहास_कोथरूड
माझी एकदा बघायला या कोथरूडला. विचार बदलेल.