औषध आजारी शेळीला की धडधाकट म्हशीला?

बोडीकाठ
भंडारा-गोंदियाकडच्या मामा तलावांच्या (जुन्या मालगुजारांच्या काळातल्या तलावांच्या) गावांत हिवाळ्यात ठरलेला प्रकार. शेळीच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते, पापणी उलटून पाहावी तर पांढरीफटक, मग लिव्हर फ्लूकच्या, म्हणजे यकृतातल्या चपट्या जंताच्या, औषधासाठी धावाधाव. माझं म्हणणं सरळ आहे: पहिला डोस मे महिन्यात म्हशीला द्या, पाऊस यायच्या आत. मरते शेळी, पण जंत गावभर पसरवते म्हैस. दिसायला ठणठणीत, दूध जरा कमी, एवढंच. दुपारी बोडीत, म्हणजे गावच्या छोट्या तळ्यात, जाऊन बसते आणि तिथंच शेण टाकते. शेणाच्या कोरड्या पोवात जंताचं अंडं फुटत नाही. शेण पाण्यात विरघळलं की उबदार दिवसांत दोन-तीन आठवड्यांत पिल्लू बाहेर येतं. त्याला दिवसभरात गोगलगाय सापडली नाही तर खेळ खलास. पण म्हशीच्या चिखलात गोगलगाय हाताशीच असते.

शेळीवाला
म्हैस दुसऱ्याची, बोडी गावाची, आणि खर्च म्हैसवाल्याने करायचा तो माझ्या शेळ्या जगाव्यात म्हणून? आमच्या गावात असं घडणार नाही, भाऊ. आणि सगळं खापर म्हशीवर का? मेंढीच्या पित्तनळीतला एक जंत दिवसाला वीस हजारांवर अंडी घालतो असं वाचलंय. शेळ्या-मेंढ्या काय सोवळ्यातल्या आहेत?

बोडीकाठ
अंडी घालतो, पण ती पडतात कुठे ते बघा ना. शेळी पाण्यात पाय घालायला का-कू करते. तिची लेंडी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पडते आणि उन्हात वाळते.

निवृत्त_पशुवैद्य
दोघंही गोगलगायीला विसरताय. तिच्यात एक पिल्लू शिरलं की आतल्या आत शेकडो होऊन बाहेर पडतं आणि गवताला कोष करून चिकटतं; ते गवत खाल्लं की जंत जनावरात. म्हणजे गावातल्या चार म्हशी औषधाविना राहिल्या तरी बोडी भरायला पुरेशा. म्हैस तेवढी धरून भागायचं नाही. बैलही धरा, तोही त्याच पाण्यात उतरतो. जुन्या गाईची पित्तनळी जाड आणि कडक होते, जंताला तिथे राहणं जड जातं, म्हणून तिच्याकडून अंडी हळूहळू कमी होतात. शेळी-मेंढीत असला बचाव जवळपास नाहीच.

दुसरं, औषधाबद्दल. आपल्याकडे सर्रास पाजतात ते ऑक्सिक्लोझानाईड मोठ्या जंतावर चालतं, यकृत पोखरत फिरणाऱ्या पिल्लांवर नाही. म्हणून शेळी औषध पिऊनही मरते आणि लोक म्हणतात औषध बोगस. ट्रायक्लाबेंडाझोल पिल्लांनाही मारतं, पण दुभत्या जनावराला ते चालत नाही. आणि ऑस्ट्रेलियात नव्वदच्या दशकातच जंत त्याला दाद देईनासे झाले. सरसकट पाजत सुटाल तर इथेही तेच होईल.

हिरवा_बांध
मग औषधाचा हट्ट कशाला? तळं उतरतं तसं काठचं हिरवं गवत उघडं पडतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला दुसरीकडे चारा नसतो. सगळी जनावरं तिथंच तोंड घालतात. तो पट्टा कुंपणाने अडवा, हौदावर पाणी पाजा, तणस (भाताचा पेंढा) नीट वाळवून घाला. शेण ताजं बांधीत, भाताच्या शेतात, टाकू नका. उकिरड्यात तापलं की अंडी मरतात.

इंडोनेशियात तर भातशेतीत बदकांचा उपयोग करून पाहिलाय. बदकं गोगलगायी खातात म्हणून नव्हे हां. बदकांच्या विष्ठेतून एकिनोस्टोमा नावाचा दुसराच जंत गोगलगायीत शिरतो आणि आपल्या फ्लूकची पिल्लं तिथेच फस्त करतो. गुरांच्या शेणात बदकांची विष्ठा मिसळून शेतात टाकायची, एवढंच काम.

शेळीवाला
बदकं राहू द्या, कोल्हा नेतो. कुंपण घातलं तर गायकी (गावाची गुरं राखणारा) ढोरं नेणार कुठे, तेही सांगा. आखरावरून, म्हणजे गावची गुरं जमतात तिथून, सुटलेलं ढोर पहिलं पाण्याकडेच पळतं.

निवृत्त_पशुवैद्य
म्हणूनच मे महिना. तेव्हा गुरांच्या पोटात बहुतेक मोठेच जंत उरलेले असतात, स्वस्त औषधानेही काम भागतं. पहिल्या पावसात बोडीत जाणारं शेण तरी स्वच्छ असेल.

शेळीवाला
ठीक, मग म्हशीमागे वर्गणी किती ते सांगा. शेळीमागेही लावा, मी देतो. पण ज्याचे बैल रोज बोडीत बसतात त्याच्याकडून आधी घ्या.