४० जणांना पोहे, प्रमाण सांगा. अर्जंट!!

खोली_नं_४ | शनिवार, रात्री ८:०४
उद्या सकाळी ७ वाजता ४० जणांना पोहे द्यायचे आहेत. किती किलो लागतील? दुकान बंद व्हायच्या आत आणायचेत, म्हणून पटकन सांगा. यूट्यूबवर बघावं तर सगळे चार जणांचंच दाखवतात. माझ्याकडे एक मोठा गंज आहे, त्यात होतील ना?

जुने_सीबीएस | ८:०९
गंज असलेल्या भांड्यात स्वयंपाक अजिबात करू नका. आधी चिंच-मीठ लावून खसाखसा घासा, कोरडं करा, तेलाचा हात फिरवून तापवा. आमची आई लोखंडी कढई कधी ओली ठेवू द्यायची नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं आहे का?

इंदिरानगर_काकू | ८:१२
किलोभर जाड पोह्यांच्या १२ ते १५ प्लेटा होतात. काम करून आलेली माणसं असतील तर १२ च धर. ३ किलो घे, थोडे जास्तच घे. कांदे दीड किलो, शेंगदाणे पाव किलो, तेल अर्ध्या लिटरला जरा कमी, मिरच्या दीडशे ग्रॅम. कोथिंबीर, लिंबं. बटाटा घालू नकोस, गर्दीच्या पोह्यांत तो कच्चाच राहतो. पण शेगडी कोणती आहे? किती शेगड्या? करणार कुठे, खायचे कुठे? यातलं काहीच लिहिलं नाहीस.

दवाखान्याबाहेर | ८:१५
@जुने_सीबीएस, गंज पोटात गेल्याने धनुर्वात होत नाही हो. तो जखमेतून होतो.

खोली_नं_४ | ८:१८
गंज म्हणजे पातेलं!!! आमच्याकडे पातेल्यालाच गंज म्हणतात. तो स्वच्छ आहे.
थँक्यू काकू, ३ किलो घेते. आमचा कॉलेजचा ग्रुप महिन्यातून एकदा गंगेवर साफसफाई करतो, निर्माल्य, प्लास्टिक वगैरे. नाश्ता दर वेळी विकतचा असतो. या वेळी मी म्हणून बसले की मी घरून आणते. शेगडी इंडक्शन. खोलीवरच.

जुने_सीबीएस | ८:२१
असं होय. मग ठीक. आमच्याकडे त्याला भगुनं म्हणतात. तू मूळची कुठली?

पाथर्डीफाटा | ८:२२
गोदावरीला 'गंगेवर' म्हणायला शिकलीस म्हणजे निम्मी नाशिककर झालीस. उरलेलं अर्धं पोहे झाल्यावर बघू.

अंबडचा_फिटर | ८:२४
थांब भावा. गंज कशाचा आहे? जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा असेल तर इंडक्शनवर तापणारच नाही, कितीही मोठा असू दे. फ्रिजवरचं चुंबक काढून बुडाला लावून बघ. चिकटलं तर चालेल, नाही तर त्यात कपडे भिजव.

खोली_नं_४ | ८:२९
भाऊ नाही, बहीण. आणि चुंबक चिकटलं नाही. आता?? दुसरी एक स्टीलची कढई आहे, तिला चिकटतंय. पण तिच्यात पाच-सहा जणांचे होतात.

अंबडचा_फिटर | ८:३१
सॉरी ताई. पाच-सहा जणांची कढई म्हणजे सात-आठ घाणे. एका घाण्याला १५ मिनिटं धर. दोन तास.

मिसळवाला_नाही | ८:३२
एवढी उठाठेव कशाला? सफाई झाली की सगळे मिळून मिसळ खायला जा. नाशकात राहून रविवारी सकाळी पोहे? चुलीवरची खा, गार्डनमधली खा, पण मिसळच खा.

इंदिरानगर_काकू | ८:३४
@मिसळवाला_नाही, ४० विद्यार्थ्यांच्या मिसळीचे पैसे तू भरणार आहेस का? मग शांत बस.

सेवायोजना_सर | ८:३६
विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे की हा उपक्रम राष्ट्रीय सेवा योजनेतून केल्यास दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचे विशेष शिबिर पूर्ण करून प्रमाणपत्र मिळते. नोंदवही रोजच्या रोज भरावी. सुटलेले तास नंतर भरता येत नाहीत, मग रडत येतात.

खोली_नं_४ | ८:३८
सर, आमचा ग्रुप एनएसएसचा नाही. प्रमाणपत्र नकोय, पोहे हवेत.

खोली_नं_४ | ८:४१
एक सांगायचं राहिलं. नुसते पोहे नाहीत, तर्री पोहे कबूल केलेत, म्हणजे वर काळ्या चण्यांचा झणझणीत रस्सा. मी नागपूरची आहे. इथे सगळे पोह्यांवर नुसती शेव टाकून खातात, त्यावरून बोलता बोलता म्हणून गेले की खरे पोहे काय असतात ते मी तुम्हाला दाखवते. काळे चणे घरी आहेत, किलोभर. भिजवले नाहीत.

इंदिरानगर_काकू | ८:४३
अगं बाई! हे आधी सांगायचं ना. पोह्यांचं प्रमाण विचारत बसलीस आणि खरं काम तर्रीचं आहे. रस्सा पोटभर असेल तर पोहे अडीच किलोही पुरतील. कुकर केवढा आहे?

खोली_नं_४ | ८:४४
३ लिटर. पोहे ३ किलो घेऊन आलेय आत्ताच, आता परत कुठे करू.

अंबडचा_फिटर | ८:४८
३ लिटरचा कुकर कडधान्याला अर्ध्याच्या वर भरायचा नसतो, चणे फुगतात, फेस येतो, शिट्टीची वाट बुजते. म्हणजे एका वेळी कोरडे पाव किलो, फार तर तीनशे ग्रॅम. किलोला चार खेपा. वाफ जाईपर्यंत धरलं तर एका खेपेला अर्धा तास. वर सात-आठ घाणे पोहे. सगळं एका इंडक्शनवर. पहाटे अडीचला उठावं लागेल, ताई.

खोली_नं_४ | ८:५१
अडीचला शिट्ट्या झाल्या तर घरमालकीण बाई मला खोलीसकट बाहेर काढतील. दहानंतर मिक्सर नाही, कुकर नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलंय. त्यात पाण्याच्या मोटारीवरून दोन महिने बोलणंही बंद आहे.

पाथर्डीफाटा | ८:५३
मग हेच निमित्त. जाऊन सांग, काकू तुमची शेगडी दोन तास द्या. नाही म्हणणार नाहीत.

खोली_नं_४ | ८:५४
तुम्ही भेटला नाहीत त्यांना.

रामकुंड_ते_टाळकुटेश्वर | ८:५७
पोह्यांचं नंतर. पावसाचे दिवस आहेत, धरणातून पाणी सोडलंय का ते आधी बघा. २००८, २०१६, २०१९, तिन्ही पूर या डोळ्यांनी पाहिलेत. विसर्ग वाढला की घाटाच्या पायऱ्या हां हां म्हणता पाण्याखाली जातात, आणि पाणी ओसरल्यावर त्यांवर जो गाळ बसतो त्यावर पाय ठरत नाही. बातम्यांत आकडे क्युसेकमध्ये सांगतात, आमचं माप नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती. पाणी गुडघ्याला लागलं की दुकानदार माल वर चढवायला घेतात, कमरेला आलं की रस्ते बंद.

खोली_नं_४ | ८:५९
आज संध्याकाळीच बघून आलो. मारुतीचे पाय कोरडे आहेत. चण्यांचं सांगा ना कोणीतरी.

रामकुंड_ते_टाळकुटेश्वर | ९:००
आज कोरडे आहेत. उद्याचं उद्या.

इंदिरानगर_काकू | ९:०२
चणे आत्ताच्या आत्ता धुऊन उकळत्या पाण्यात टाक, पाच मिनिटं खळखळू दे, मग बंद करून झाकून तासभर ठेव. रात्रभर भिजवल्याइतके नाही, पण कुकरला लागण्याइतके मऊ होतात. शिजताना चिमूटभर सोडा. चिमूटभरच, नाही तर साबणासारखी चव येते.

मिसळवाला_नाही | ९:०५
सोपा उपाय सांगू? चणे विसर. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे मोड आलेली मटकी मिळते, अख्ख्या नाशकात मिळते. भिजवणं नाही, शिट्टी नाही, उघड्या पातेल्यात पंधरा मिनिटांत शिजते. वर तुझी तर्री सोड.

खोली_नं_४ | ९:०६
तर्रीत मटकी?? वेड लागलं का. मग ती मिसळ होईल.

मिसळवाला_नाही | ९:०६
तेच तर म्हणतोय.

संत्रानगरी | ९:१०
नागपूरकर इथे हजर. मटकी घातली तर त्याला तर्री पोहे म्हणायचं नाही, साफ सांगतो. काळे चणेच पाहिजेत. कांदा खोबरं भाजून वाटायचं, आलं-लसूण, तिखट, गरम मसाला, तेल सढळ हाताने. तेलात मसाला सुटेपर्यंत परतलं की वर जो लाल थर येतो ती तर्री. खाली चणे काय, मटकी काय, हे आता नाशिकवाले आम्हाला शिकवून राहिले.

पाथर्डीफाटा | ९:१२
आमच्या काळ्या मसाल्याच्या रश्शापुढे तुमची तर्री म्हणजे लाल पाणी.

संत्रानगरी | ९:१३
एकदा खाऊन पहा, मग दिवसभर पाणी पाणी करत फिराल.

(यापुढचे मिसळ-तर्री वादाचे ११ प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. – संपादक)

गोदातीर_वाचक | ९:२६
धागा सुरुवातीपासून वाचला. एक साधी शंका. ४० जण येणार आहेत. त्यात पंचवटीत राहणारं एकही नाही का? कोणाच्या तरी घरी दोन शेगड्यांचा गॅस असेलच. गंगापूर रोडवरून म्हणा किंवा कुठूनही, एवढं गरम पातेलं पहाटे रिक्षातून सांडत नेण्यापेक्षा घाटाजवळच का करत नाहीस? तुझा तो गंज गॅसवर छान तापेल.

खोली_नं_४ | ९:३१
आहे एक मैत्रीण. पंचवटीतच, मालेगाव स्टँडजवळ राहते. पण मी सगळ्यांना सांगितलंय की मी एकटी करणार.

इंदिरानगर_काकू | ९:३२
कोणी पदक देणार आहे का एकटीने केल्याचं? फोन लाव तिला. आत्ता. आणि चणे उकळत ठेवलेस का?

खोली_नं_४ | ९:३४
ठेवले. लावते फोन.

गोदातीर_वाचक | ९:३७
आणखी एक. थर्माकोलच्या प्लेट आणू नका, राज्यात २०१८ पासून बंदी आहे, आणि सफाई करायला जाऊन कचरा ठेवून येणं बरं दिसत नाही. ग्रुपवर टाका, प्रत्येकाने ताटली आणि चमचा घरून आणावा.

जुने_सीबीएस | ९:४०
आमच्या वेळी पत्रावळीवर जेवायचो. रस्सा वाढला की पळापळ. द्रोण लावता आला पाहिजे, आता कोणाला लावता येतो?

खोली_नं_४ | ९:५२
मैत्रिणीची आई म्हणाली ये. आत्ताच ये म्हणाली, चणे इकडेच शिजव, रात्री इथेच झोप. त्यांच्याकडे ७ लिटरचा कुकर आहे. रिक्षात बसलेय, मांडीवर चण्यांचा गंज, पायाशी पोहे. रिक्षावाल्याने विचारलं लग्न आहे का. पोहे किती वाजता भिजवू?

इंदिरानगर_काकू | ९:५५
भिजवायचे नाहीत! रोवळीत घेऊन पाण्याखाली धुवायचे आणि निथळत ठेवायचे. तेही सगळे एकदम नाही, जेवढा घाणा तेवढेच. नाही तर शेवटचे गोळा होतात. मीठ-साखर धुतलेल्या पोह्यांनाच चोळ, हळद फोडणीत. डब्यात भरताना झाकणाखाली कोरडं फडकं घाल, वाफेचं पाणी पोह्यांवर पडत नाही. रस्सा रात्री करून ठेवलास तर सकाळी खळखळून उकळ, नुसता कोमट करू नकोस.

अंबडचा_फिटर | ९:५७
रस्सा बरणीत ने, पातेल्यात नको. झाकणाखाली पिशवी लाव. अनुभव आहे, कंपनीच्या डब्यातून पँटवर.

सेवायोजना_सर | १०:१४
उपक्रमाचे छायाचित्र व अहवाल अवश्य ठेवावा.

इंदिरानगर_काकू | रविवार, सकाळी १०:२०
काय झालं गं? कळव तरी.

रामकुंड_ते_टाळकुटेश्वर | सकाळी १०:४५
पाणी वाढलेलं नाही. सकाळी पुलावरून पाहिलं. मुलं काम करत होती, पोती बरीच भरलेली दिसली.

खोली_नं_४ | दुपारी १:०८
आत्ता खोलीवर आले. सॉरी, फोन बंद पडला होता.
४० म्हणत होते, आले ३३. पाऊस होता ना. तरी पोहे संपले, कारण घाटावर फुलं विकणाऱ्या दोन आजी आणि त्यांची नातवंडं पण बसली. दोन किलोच्या वर पोहे छान झाले, काकू म्हणाल्या तसे घाण्याघाण्याने धुतले. शेवटचे मात्र घाईत सगळे एकदम धुतले आणि गोळा झाला. तो मी आणि मैत्रिणीने गुपचूप खाल्ला. रस्सा बरणीत नेला, सांडला नाही. ताटल्या सगळ्यांनी आणल्या, एकाने तर बॅडमिंटनच्या बॅटच्या खोळीतून आणली. कचऱ्याची १९ पोती भरली. सगळ्यात जास्त काय होतं माहितीये? निर्माल्य नाही. गुटख्याच्या पुड्या.
घरमालकीण बाईंना रात्री निघताना सांगावंच लागलं की मी बाहेर झोपणार आहे. कशाला म्हणून विचारलं, सांगितलं. म्हणाल्या, "इथे केले असतेस तर मी काय खाल्ले असते का तुला." मी काही बोलले नाही. त्यांच्यासाठी डब्यात थोडे आणले होते, आत्ता देऊन आले. मीठ कमी आहे म्हणाल्या.

इंदिरानगर_काकू | १:१२
शाब्बास. मीठ खरंच कमी होतं का?

खोली_नं_४ | १:१३
हो.

संत्रानगरी | १:१९
आणि तर्री? चणे शिजले का नीट?

खोली_नं_४ | १:२४
अर्धे शिजले. बाकीचे दाताखाली कटकट करत होते, म्हणून मैत्रिणीच्या आईने फ्रिजमधली मटकी काढून घातली. नागपूरला कोणाला सांगू नका.

मिसळवाला_नाही | १:२५
म्हणजे मिसळच झाली.

खोली_नं_४ | १:२५
नाही.