मनालीकडून नको, किन्नौरकडून चढा

ठाण्याहून स्वतःची गाडी काढून ऑक्टोबरात हिमाचलातली स्पिती, आधी मनाली, मग कुंझुम खिंड पार करून स्पितीतलं मुख्य गाव काझा आणि शिमल्यावरून परत, असा बेत तुम्ही लिहिलाय. महिना झकास निवडलात, फक्त दिशा उलटी करा.

मनाली साधारण २००० मीटरवर, कुंझुम साडेचार हजारांच्या वर. एका दिवसात एवढं चढलं की डोकं धरतंच. किन्नौरकडून, म्हणजे शिमल्याच्या बाजूने, कल्पा, नाको, ताबो असे मुक्काम करत गेलात की शरीर आपसूक रुळतं. शिवाय बर्फ लवकर पडून कुंझुम बंद झालाच तर काझापर्यंतची सहल तरी पदरात पडते, आल्या वाटेने परतायचं. मनालीकडून निघालात तर सगळाच खेळखंडोबा.

कल्प्याला तेव्हा सफरचंदांची तोडणी चालू असते. ताबोच्या पुढे करड्या, उघड्याबोडक्या डोंगरांच्या पायथ्याशी विलो-पॉप्लरची पिवळीधमक रांग आणि शेजारी गाळ खाली बसून निळी झालेली स्पिती नदी! जुलैत ती चिखलासारखी वाहते.

डिझेल रेकाँग पिओखाली पोवारीलाच फुल करा. काझ्याहून कुंझुममार्गे मनालीकडे उतरताना लोसर ते ग्राम्फू रस्ता नावालाच. पहाटे ओढ्यांपाशी बर्फाचा पापुद्रा असतो, म्हणून ऊन आल्यावरच निघा.

ठाण्यातून मात्र पहाटे चारलाच सुटा. घोडबंदर रोडवरचा गायमुखचा घाट सकाळी आठला, ऐन वाहनकोंडीत गाठलात तर कुंझुम परवडला म्हणाल.